बाटलीतले आधण

आमच्या घरी दिवसातून किती वेळा चहाचे आधण ठेवले जाते, याचा हिशेब आजवर कोणी ठेवला नव्हता. आणि तो न ठेवला जाण्याचे कारण इतकेच की, आधण ठेवणारी व्यक्ती एक होती आणि हिशेब ठेवण्याची सवय जडलेली व्यक्ती दुसरी होती. सरकारी कोषागारात बत्तीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात घालविलेल्या माणसाने पैपैशाची बाकी काढावी आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातील सर्वांत मोठी नित्य बाब मात्र खतावणीबाहेर राहू द्यावी, ही विसंगती माझ्या ध्यानात येण्यासाठी गेल्या मार्गशीर्षात सौ.च्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हावी लागली. डॉक्टरांनी सहा आठवडे ओट्यापाशी उभे राहण्यास मनाई केली, मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला, आणि समाचाराला येणाऱ्यांची तर रीघ लागलेली. अशा स्थितीत आधणाचा चार्ज माझ्याकडे आला, आणि पहिल्याच दिवशी मी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे नोंद केली : सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत अकरा वेळा. प्रत्येक वेळी पातेले, पाणी, आले ठेचणे, साखर, चहाची पूड, दूध, ते उतू जाण्याची धास्ती, गाळणे, आणि शेवटी गाळण्यातला चोथा झटकून पातेले विसळून पुन्हा पालथे घालणे. एका आधणाला बारा मिनिटे धरली, तरी सव्वादोन तासांच्या आसपास आकडा जातो. या दराने चाळीस वर्षांची थकबाकी काढण्याचा मोह मी आवरला. बाकी आपल्याच अंगावर निघणार असे दिसू लागताच वही मिटावी, हे शहाणपण मी नोकरीतच शिकलो होतो.

तिसऱ्या दिवशी पलंगावरून फर्मान सुटले. "अहो, दर वेळी उठून आधण कशाला ठेवता? मसाल्याचा काढा करून बाटलीत भरून ठेवा. आलं-गेलं की दूध तापवायचं आणि ओतायचं."

ही कल्पना तिला सुचली ती २०२० सालच्या टाळेबंदीत. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक, असे प्रमाण ठरवून दिलेला क्वाथ प्रसृत केला होता, आणि महाराष्ट्रातील बहुतेक घरांत त्या काळात गॅसच्या एका शेगडीवर काही ना काही अष्टौप्रहर उकळत असे. आम्हीही तो निष्ठेने प्यायलो. परंतु निष्ठेलाही मर्यादा असते. उरलेला काढा शीतकपाटात जाऊन बसे, आणि टाकून देणे तिच्या स्वभावात नसल्यामुळे सौ. दुसऱ्या दिवशी तोच चहाच्या पातेल्यात रिचवीत असे. चहा उत्तम होई. त्याचे श्रेय मी तेव्हा आल्याला दिले होते.

तथापि बाटलीतून निघणाऱ्या चहाबद्दल माझ्या मनात आकस होता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. ठेवलेला चहा म्हणजे शिळा चहा, आणि शिळा चहा पाहुण्याला देणे म्हणजे त्याचा उपमर्द, अशी शिकवण घेऊन मी वाढलो. या मताला पुष्टी मिळावी म्हणून मी आमच्या पेठेतल्या एका अमृततुल्याच्या गादीवर बसणाऱ्या गृहस्थांना गाठले. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात रुजविलेली ही दुकाने. दारातच ओटा, ओट्यावर चकचकीत पितळी पातेले, हाताशी खलबत्ता, आणि पाटीवर बहुधा एखाद्या देवतेचे नाव. गृहस्थ वेलदोडे कुटीत होते. बाटलीची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत; कुटणे न थांबविता म्हणाले, "आमच्याकडे गिऱ्हाईक चहाला येत नाही साहेब, वासाला येतं. वास बाटलीत भरता येत असेल तर भरा." या एका वाक्यात या संबंध प्रकरणातील तांत्रिक अडचण सामावलेली होती, हे मला पुढे तीन बाटल्या वाया गेल्यावर कळले.

अमृततुल्यातील तो पितळी कारभार आणि आमच्या बाटलीचा बेत यांत आणखी एक फरक आहे. चहा कोणाच्या हातचा, हा प्रश्न पुण्याने एके काळी फार गांभीर्याने घेतला होता. १८९० साली पंचहौद मिशनात एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे ठेवली. उपस्थितांत रानडे होते, टिळकही होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून चव्हाट्यावर आणली. सनातन मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशीसाठी माणसे मुक्रर झाली, टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला आणि १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेऊन प्रकरणावर पडदा टाकला. एका पेल्यासाठी एवढे ग्रामण्य माजले, कारण वादाचा मुद्दा पेयाचा नसून ते देणाऱ्या हाताचा होता. आज तो प्रश्न तसा कोणी विचारीत नाही. परंतु आमच्याकडे समाचाराला आलेल्या एका मावशींनी पहिला घोट घेतल्याबरोबर "हा तिच्या हातचा नाही," असा निवाडा दिला, तेव्हा प्रश्न पुरता मेलेला नाही एवढे मला उमगले.

मूळ विषय असा की, पेयाचा अर्क करून ठेवणे ही मराठी गृहिणीला नवी गोष्ट नाही. वैशाखात कैरीचा गर साखर-गुळात शिजवून पन्ह्यासाठी बरणीत भरावयाचा, रातांब्याच्या साली साखरेत मुरवून अमृतकोकम करावयाचे, आणि कोकणात तर मीठ घातलेला आगळ वर्षभर बाटल्यांतून उभा असावयाचा. आल्यागेल्याला त्यातले दोन चमचे, वर पाणी, की आतिथ्य पुरे. दाक्षिणात्य घरांत पितळी फिल्टरमधून रात्रभर थेंबथेंब उतरलेले कॉफीचे डिकॉक्शन म्हणजे तर अर्कच. रशियन लोक समोवारावर लहान किटलीत दाट चहा ठेवून पेल्यात थोडा ओततात आणि खालच्या तोटीने गरम पाणी सोडतात. मग आपल्या मसाल्याच्या चहानेच काय घोडे मारले आहे?

घोडे मारले आहे ते असे. कोकमाला आणि कैरीला जन्मजात आंबटपणाचे कवच असते. त्यावर साखरेचा किंवा मिठाचा पहारा बसला की बुरशीची आणि किण्वाची डाळ शिजत नाही. सरबताच्या पाकात साखरेचे प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या घरात असते म्हणून तो फडताळातही टिकतो. चहाच्या काढ्याला आम्लता बेताची, साखरही पिणाऱ्याच्या जिभेपुरतीच; म्हणजे दाराला कडी नाही आणि दारावर शिपाईही नाही. चैत्रात एकदा मी बाटली ओट्यावरच विसरून दोन दिवसांसाठी सासवडला गेलो. परतल्यावर झाकण फिरविताच सोडावॉटरच्या बाटलीसारखा आवाज झाला आणि आंबूस वासाने स्वयंपाकघर भरले. आमच्या सोसायटीतील रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हे ऐकून आनंदित झाले. मी अनवधानाने आसवारिष्टाच्या प्रांतात शिरलो आहे, असे त्यांनी मला सांगितले. सारांश, हा अर्क शीतकपाटातच राहावयाचा, आणि तेथेही त्याची मुदत आठ दिवसांची. अधिक दिवस टिकवावयाचा असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावा.

परंतु नासण्याचा प्रश्न दुय्यम. खरा प्रश्न तो अमृततुल्यवाल्यांचा : वास. आणि या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते फार जुन्या ठिकाणी.

आयुर्वेदात औषधाचा सार पाण्यात किंवा रसरूपाने उतरविण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फाण्ट. शार्ङ्गधराच्या संहितेत क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आटवीत एक-अष्टमांशावर आणावयास सांगितले आहे. फाण्टासाठी मात्र द्रव्याची भरड चौपट गरम पाण्यात नुसती टाकून, भिजवून, गाळून घ्यावयाची. म्हणजे क्वाथ उकळून होतो आणि फाण्ट मुरवून होतो. कठीण मुळे, साली, लाकूड यांना क्वाथ. कोमल पाने-फुले, ज्यांचे सत्त्व वाऱ्यावर उडून जाईल अशी द्रव्ये, यांना फाण्ट. हे वाचताना माझ्या ध्यानात आले की, आपण रोज सकाळी पातेल्यात जे करतो ते या दोन्ही शास्त्रांना एका हुकमाने बडतर्फ करणारे आहे. दालचिनीची साल, आल्याचा कंद, वेलदोड्याचे बी, गवती चहाची पात आणि चहाची पूड ही पाच निरनिराळ्या स्वभावांची द्रव्ये आपण एकाच वेळी, एकाच आचेवर, एकाच घाईने उकळतो. ज्याला वीस मिनिटे हवीत त्याला आठ मिळतात, ज्याला पाच मिनिटे पुरेत त्याचे आठ मिनिटे हाल होतात. तरीही चहा गोड लागतो, कारण दूध आणि साखर सगळ्यांचे अपराध पोटात घालतात. अर्क करावयास बसले की ही सवलत राहत नाही. दूध अजून यावयाचे असते, आणि प्रत्येक द्रव्याची स्वतंत्र कैफियत ऐकून घ्यावी लागते.

त्या कैफियती मी निरनिराळ्या ठिकाणी ऐकल्या. भवानी पेठेतील एका मसाल्याच्या पेढीवर दालचिनी मागितली तेव्हा मुनिमाने दोन पुड्या पुढे ठेवल्या. एकीत जाड, लालसर, कडक साली, एकेरी वळलेल्या. दुसरीत कागदासारखे पातळ पदर एकात एक गुंडाळलेल्या फिक्या कांड्या. पहिली बाजारात सर्रास मिळते ती कॅशिया, चवीला तिखट आणि उग्र. दुसरी सिंहली जातीची खरी दालचिनी, सौम्य आणि गोडसर. दुसरी कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची आणि 'कोकण सुगंधा' व 'कोकण स्वाद' नावांच्या जायफळाच्या जाती दिल्या आहेत, आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ लावण्याची जी तजवीज घालून दिली तिला कोकणात 'लाखी बाग' म्हणतात. माडाच्या पायथ्याशी अख्खा चहाचा मसाला उभा असलेली अशी बाग मी एकदा पाहिली; चहा तेवढा तेथे नव्हता. अर्कासाठी मला दोन्ही दालचिन्या हव्याशा वाटतात, पण एकच घ्यावयाची तर पातळ घ्यावी. जाड साल फार वेळ उकळली की पाण्याला बुळबुळीतपणा येतो, आणि दुधाच्या चहात तो खपून गेला तरी बाटलीत तो शेंबडासारखा दिसतो. शब्द अभिरुचीला सोडून आहे, पण वस्तुस्थिती तीच आहे.

आल्याची कैफियत सर्वांत मोठी. आमच्याकडे येते ते सातारी आले. कोरेगावच्या बाजूचा एक परिचित शेतकरी दर वर्षी गोणभर पाठवितो आणि दर वर्षी भावाबद्दल तक्रार लिहितो. ताज्या आल्याच्या तिखटपणाचे कारण असलेले द्रव्य वाळवल्यावर बदलते आणि अधिक जहाल होते, उकळल्यावर मात्र मवाळ होते. म्हणून सुंठ म्हणजे नुसते वाळलेले आले नव्हे, ते वेगळ्याच वृत्तीचे द्रव्य आहे, आणि आल्याच्या जागी सुंठ घालताना तिसरा हिस्सा देखील पुष्कळ होतो. आल्यात दूध फाडणारे एक विकरही असते. आले ठेचून घातले आणि उकळी फुटण्याच्या आत दूध ओतले की चहा फाटतो, याचा अनुभव ज्याला नाही असा मराठी गृहस्थ विरळा. फाटलेल्या चहाचे खापर आपण दूधवाल्यावर फोडतो. अर्कात हे विकर वीस मिनिटांच्या उकळीने निकामी झालेले असते, म्हणून बाटलीच्या चहात आले कितीही असो, दूध फाटत नाही. तिसऱ्या आठवड्यात सौ.ने हे मान्य केले, तेही तिसऱ्या माणसाकरवी.

मिरीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही. स्निग्धात तो चांगला उतरतो. म्हणून नुसता अर्क चाखताना मिरी कमी वाटते आणि दूध घातल्यावर घशाशी जाणवते. पहिल्यांदा करणारा फसून दुप्पट घालतो. लवंगेने जीभ बधिर होते, दाढदुखीवरचा उपाय चहात फार उतरू देऊ नये. जायफळ आपल्याकडे बाळगुटीत उगाळून देतात, तेव्हा त्याच्या पराक्रमाबद्दल निराळे सांगणे नको. ते अर्कात घालूच नये, पेल्यावर एकदा किसणीवर फिरवावे. आणि वेलदोडा. अमृततुल्यवाल्यांचा वास तो हाच. त्याचे तेल इतके चंचल की, पूड करून ठेवली तर आठवड्यात निस्तेज होते आणि उकळत्या पाण्यात घातली तर स्वयंपाकघराला सुवास येतो, पेल्याला येत नाही. मी अनेक फेऱ्यांनंतर ठरविले की वेलदोड्याची दोन खाती करावयाची : टरफले मसाल्याबरोबर पहिल्यापासून उकळावयाची, आणि आतले दाणे भरड कुटून अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, चहाबरोबर टाकावयाचे. पेढीवरचा मुनीम टपोऱ्या हिरव्या वेलदोड्याची शिफारस करीत होता, पण टरफलाच्या हिरवेपणाचा चहाला काही उपयोग नाही. दाणे काळे आणि चिकट आहेत की नाही, तेवढे फोडून पाहावे.

राहता राहिला चहा. १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने पाने चिरडून, फाडून, गोळी वळविणारे यंत्र सिद्ध केले, आणि आज आपल्या घराघरांत असलेली बारीक दाणेदार पूड ही त्या यंत्राची संतती. तिला रंग आणि जोर झटकन सोडता येतो. चार-पाच मिनिटांत ती आपले सर्वस्व देते आणि त्यापुढे केवळ तुरटपणा देत राहते. दुधातील प्रथिने या तुरट द्रव्यांना धरून बसवितात, म्हणून दुधाच्या चहाला दाट काढा सोसतो. चहाचा प्रसार करण्यासाठी १९०३ च्या कायद्याने निर्यातीवर उपकर बसविण्यात आला, आणि त्या पैशातून पुढे जी जाहिरात-मोहीम चालली तिच्या रंगीत फलकांवर किटलीत पूड घालून त्यावर उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे, असा विधी चित्रांसह शिकविलेला असे. आपण तो विधी साफ नाकारला आणि पातेले चुलीवर चढविले. गांधीजींनी १९४२ साली येथल्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जी लहान पुस्तिका लिहिली, तीतही चहातील टॅनिनावर आक्षेप आहे. गंमत अशी की, अर्क करताना मला अखेर त्या फलकांवरच्या विधीलाच शरण जावे लागले. मसाला आपल्या पद्धतीने, चहा त्यांच्या पद्धतीने. मसाल्याचा क्वाथ, चहाचा फाण्ट.

आता प्रत्यक्ष कृती. हिशेबनीस माणसाची, म्हणून आकडे आले तर क्षमा असावी. दीड लिटर पाणी घ्यावे. ते बोअरचे असेल तर घेऊ नये, कारण दुष्फेन पाण्यातील क्षारांमुळे चहावर मळकट तवंग येतो आणि सुवास मावळतो. त्यात साठ ग्रॅम आले, सोलून नव्हे तर घासून धुऊन, ठेचून. बोटभर लांबीच्या दालचिनीच्या तीन कांड्या, दहा लवंगा, पंधरा मिरे अर्धवट फोडून, आणि वीस वेलदोड्यांची टरफले. झाकण घालून मंद आचेवर वीस मिनिटे. उकळी खदखदती नको, नुसती हलती असावी. शेवटच्या पाच मिनिटांत गवती चहाची पाच-सहा पाती गाठ मारून सोडावी. गाठ मारली की ती काढावयास सोपी जातात, आणि ओरबाडलेल्या पात्यांपेक्षा गाठीतून वास हळू सुटतो. मग आच बंद. पाण्याची हालचाल थांबली की साठ ग्रॅम चहाची पूड आणि वेलदोड्याचे कुटलेले दाणे घालून झाकावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे. सहा नव्हेत. मी पावभाग पानांचा चहा मिसळतो, त्याने रंगाला नितळपणा येतो, सौ.च्या मते हा निव्वळ दिखाऊपणा आहे.

गाळताना चोथा पिळण्याचा मोह होतो. आपल्या काटकसरी हातांना चोथ्यातला शेवटचा थेंब सोडवत नाही. परंतु तोच थेंब सर्वांत कडू असतो, तेव्हा पातळ फडक्यातून आपोआप गळेल तेवढेच घ्यावे. गरम असतानाच दीडशे ग्रॅम साखर विरघळवावी. नंतर पातेले परातीतल्या गार पाण्यात ठेवून लवकर निववावे आणि उकळत्या पाण्यातून काढून पालथ्या वाळविलेल्या काचेच्या बाटलीत भरावे. दीड लिटराचा बाटलीत लिटरभर उतरतो, बाकीचे पाणी चोथा पितो आणि वाफ नेते. पेल्याला निम्मा अर्क, निम्मे दूध. लिटरात सोळा-सतरा पेले होतात, आणि त्यांसाठी आधण एकदाच.

गुळाचा चहा आवडणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. गूळ घालून दूध उकळले की फाटण्याचा संभव असतो, म्हणून गूळ अर्कातच विरघळवावा, दूध वेगळे कडकडीत तापवावे, आणि दोन्हींची भेट पेल्यातच घडवावी; एकत्र झाल्यावर त्यांना पुन्हा आच दाखवू नये.

पहिली बाटली मी या सगळ्या रीतीने भरली, रात्री शीतकपाटात ठेवली, आणि सकाळी काढून पाहतो तो आषाढातल्या मुठेचे पाणी. रात्री तांबूस, नितळ असलेला अर्क गढूळ, खाकी झाला होता. नासला असे समजून मी तो मोरीत ओतला. दुसरी बाटली तशीच झाली, तीही ओतली. तिसऱ्या वेळी प्राध्यापकांनी मला अडविले. चहाला रंग देणारी द्रव्ये आणि त्यातील कॅफीन ही गरम पाण्यात एकमेकांपासून अलिप्त असतात. थंडीत ती हातात हात घालतात आणि त्यांची जोडी पाण्यात मावत नाही, म्हणून पाणी धुरकट होते. चहा जितका जोरदार तितका गढूळपणा अधिक. त्यांनी बाटलीतला पेलाभर अर्क पातेलीत ओतून गरम केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा तांबडा, स्वच्छ झाला. ज्याला मी दोष समजून दोन लिटर मोरीत ओतले होते, तो मालाच्या कसाचा दाखला होता. अशा चुकीची नोंद कोषागारात तांबड्या शाईने होते.

न्यू जर्सीत असलेली माझी भाची गेली सहा वर्षे रविवारी दोन बाटल्या भरून आठवडा काढते. तिच्या पत्रातून (पत्र म्हणजे मोबाईलवरचा निरोप, पण ती मजकूर पुरेसा लांब लिहिते) मला कळले की, तिकडे हा अर्क दुकानात कागदी डब्यांतून मिळतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, पोर्टलंडच्या बाजूस, हा व्यवसाय रुजला आणि पुढे कॉफीच्या मोठ्या दुकानांनी तो उचलला. डब्यावर 'चाय टी' असे लिहिलेले असते, म्हणजे 'चहा चहा'. आमच्या शाळेत पिवळे पीतांबर लिहिल्याबद्दल मास्तर पट्टी मारीत. त्या डब्यातल्या चहात दालचिनी आणि साखर भरपूर, आले नावापुरते, असे तिचे मत. तिने शेजारच्या एका अमेरिकन कुटुंबाला आपली बाटली दिली, तेव्हा त्यांना तो 'चहाच्या चवीचा नाही' असे वाटले. डब्यावरून चव शिकलेल्या जिभेला आल्याचा मार अनोळखी.

ती एक गोष्ट आणखी लिहिते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. तिच्या सासरची मंडळी भारतातून तीन महिन्यांसाठी गेली होती, आणि सासूबाईंनी पहिल्याच सकाळी बाटली पाहून नाक मुरडले. महिनाभराने त्या स्वतःच रविवारी वेलदोडे सोलीत बसू लागल्या. "घरात कोण कधी उठतं याचं ओझं गेलं," असे त्या म्हणाल्या. चहा ताजा असावा, हा आपला आग्रह मी अजूनही चुकीचा मानीत नाही. गाडीवरचा, नुकता गाळलेला, काठोकाठ भरलेला पेला बाटलीच्या दहा पेल्यांना भारी पडेल, आणि अमृततुल्यवाल्या गृहस्थांचे म्हणणे आजही मला बहुतांशी पटते. परंतु त्या ताजेपणाची किंमत कोणीतरी ओट्यापाशी उभे राहून चुकती करीत असते, आणि ती रक्कम घेणाऱ्याच्या वहीत कधी नावे पडत नाही. माझ्या तर पडलीच नव्हती.

सौ. आता चालू-फिरू लागली आहे. सहा आठवड्यांची मुदत संपली तेव्हा चार्ज परत सुपूर्द करण्याची मी औपचारिक तयारी दर्शविली. ती तिने ऐकली न ऐकल्यासारखी केली. दर शनिवारी संध्याकाळी मी दीड लिटर पाणी मोजतो. बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवितो. या नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नानाच्या आधी, सुट्टीला आलेला मुलगा आणि तीन पाहुणे एकदमच जागे झाले, तेव्हा दूध तापवून पाच पेले भरण्यास मला घड्याळी सहा मिनिटे लागली. सौ.ने बाटलीच्या तळाशी उरलेला गढूळ अर्क स्वतःच्या पेल्यात उलटा केला, वर बेताचेच दूध घेतले, बशीत ओतून एक फुरका मारला आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

"मिरे किती घातले होते?"

"पंधरा."

"बारा घाला," ती म्हणाली, आणि बशी पुन्हा भरून घेतली.